ओळखीचा वास

आईच्या नाकाखाली नळी चिकटवून तंत्रज्ञ बाई काचेच्या अलीकडे आल्या. पलीकडे खाटेवर आई झोपली होती. डोक्याला तारा, अंगावर पांढरी चादर. भर दुपारी पडदे ओढून तिथे अंधार केला होता.

"स्वप्न सुरू झालंय," यंत्रावरच्या रेषांकडे बघत बाई म्हणाल्या. "वासाने माणूस जागा होत नाही, स्वप्नाचा रंग तेवढा बदलतो. काल गुलाबाने जरा शांत झोपल्या होत्या. आजही तोच देऊ?"

"गुलाबाचं आणि आईचं काय नातं?" लेकीने पिशवीतून घट्ट झाकणाचा डबा काढला. "हा द्या. बाबांचा मफलर आहे."

बाई हसल्या. "परवा एकींनी नवऱ्याचे मोजे आणले होते. झोपेतच भांडायला लागल्या!"

लेकही हसली. बाबा गेल्याला दोन महिने झाले होते. तेव्हापासून पहिल्यांदाच.

बाबा गेले तेव्हा आई रडली नव्हती. पहिले आठ दिवस ती नुसती गाढ झोपली. थकली असेल, सगळे म्हणाले. मग लेकीने तिला आपल्या घरी आणलं आणि तिच्या उशाशी बाबांचा मफलर ठेवला. तेवढीच सोबत. त्यानंतर आई झोपेत कण्हायला लागली. दुःख कधीकधी उशिरा बाहेर येतं, असं लेकीने वाचलं होतं. आई रोज सकाळी मफलरची घडी करून कपाटात टाकायची आणि लेक संध्याकाळी तो पुन्हा उशाशी ठेवायची. आवराआवरीची जुनी खोड, दुसरं काय!

लेक स्वतः मात्र लहानपणापासून कुंभकर्ण. "घर डोक्यावर घ्या, आमची पोर कूस बदलायची नाही," असं बाबा चारचौघांत कौतुकाने सांगायचे. त्या घरात चढलेला आवाज तिने कधी ऐकला नव्हता. संसार असावा तर असा, असं ती मैत्रिणींना सांगत आली होती.

बाईंनी डबा यंत्राला जोडला, बटण दाबलं. दाढीच्या साबणाचा आणि तंबाखूचा तो वास नळीतून पलीकडे गेला. काचेच्या अलीकडे काहीच आलं नाही, तरी लेकीचे डोळे भरले.

आईचा श्वास अडकला. तिने गुडघे पोटाशी घेतले. मग दोन्ही हात वर नेऊन डोकं झाकलं. रेषा सैरावैरा धावू लागल्या.

"घाबरल्यात," बाई म्हणाल्या. "बंद करू?"

"थांबा. काहीतरी बोलतेय."

बाईंनी स्पीकरचा आवाज वाढवला. आई दबक्या आवाजात, अगदी अजिजीने म्हणत होती,

"हळू मारा. पोर उठेल."