भुवईवरची खूण

“फोटो बाबांचाच आहे, पण यावरून बाबा सापडायचे नाहीत,” मिस्त्रीकाकांची मुलगी म्हणाली आणि तिने घरच्या भिंतीवरून काढून आणलेला फोटो चौकटीसकट काउंटरवर ठेवला.

फोटोग्राफरने फोटो पाहिला. वर्षभरापूर्वी त्यानेच काढलेला. मिस्त्रीकाकांनी जन्मभर लाकूडकाम केलेलं. फोटोला बसण्याआधी त्यांनी स्टुडिओतल्या सगळ्या चौकटी एका बोटाने सरळ केल्या होत्या. तेव्हा ते पंचाहत्तरचे होते. फोटोत पंचावन्नचे दिसत होते. गाल तुळतुळीत, केस काळेभोर, डोळ्यांखाली साधी रेघ नाही. गिऱ्हाइकं या फोटोग्राफरला चकाचक म्हणत, ते उगीच नाही.

मिस्त्रीकाका कालपासून बेपत्ता होते. अलीकडे त्यांना घर कुठे ते आठवत नसे, कधी कधी स्वतःचं नावही. काल सकाळी चपला घालून निघाले ते परतलेच नाहीत. कॅमेरा दिसला की पाठ फिरवायची त्यांची सवय. घरातल्या सगळ्या मोबाइलमध्ये मिळून त्यांची पाठ तेवढी होती. ओळखपत्रावर शिक्का नेमका तोंडावर बसलेला. धड चेहरा असलेला फोटो हा एकच, मुलीने हट्टाने काढून घेतलेला.

“तुमच्याकडे मूळ फोटो असेल ना, दादा? हात फिरवण्याआधीचा?”

“नाही,” चकाचक म्हणाला. मूळ फोटो तो ठेवत नसे. एकदा एका बाईंनी पडद्यावर आपला आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी शेजारी पाहिला आणि स्टुडिओ डोक्यावर घेतला. तेव्हापासून तो सुधारलेला फोटो मूळ फोटोवरच सेव्ह करी आणि कॅमेऱ्याचं कार्ड त्याच दिवशी रिकामं करी. आपला खरा चेहरा कुणाला परत हवा असेल, हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीला तो दरवर्षी न चुकता मागण्या कळवत असे. सुरकुत्या एका क्लिकमध्ये जाव्यात. टकलावर केस यावेत. हनुवटी एकच उरावी. कंपनीने मेहरबानी करून सगळं दिलं होतं. आज त्याला एवढंच हवं होतं की पुसलेलं परत यावं. अनडू होतं, पण ते फाइल बंद करेपर्यंतच चाले, आणि ही फाइल बंद होऊन वर्ष उलटलं होतं.

वय वाढवायचंही बटण होतं. त्याने ते दाबलं. पडद्यावर एक म्हातारा आला, पण तो दुसराच कुणीतरी होता.

“निदान भुवईवरची खूण तरी परत आणा,” मुलगी म्हणाली. “कामावर फळी उडून लागलेली. डाव्या भुवईवर.”

खात्री करायला तिने घरी फोन लावला. आई म्हणाली, उजव्या. काकांचं ताट वाढून झाकून ठेवलंय, तेही तिने सांगितलं. ती स्वतः कालपासून जेवली नव्हती, त्यांच्यासाठी थांबली होती.

दोघी चकाचकच्या उत्तराची वाट पाहत राहिल्या, एक समोर आणि एक फोनवर. ती खूण पुसायला त्याने चाळीस मिनिटं घालवली होती. एकेक ठिपका झाकला होता. पण कोणत्या बाजूचा, ते काही केल्या आठवेना.

“किती छान दिसतात बाबा, असं तेव्हा मीच म्हणाले होते,” मुलगी म्हणाली आणि रडू लागली. चकाचकला आपल्या हातांची लाज वाटली.

शेवटी त्याने आहे तोच फोटो पोस्टरवर छापला. खाली ठळक अक्षरांत ‘भुवईवर खूण’ असं लिहिलं. फोटोत खूण नव्हती. मग स्टुडिओला कुलूप लावून तो स्वतःच पोस्टरं चिकटवायला निघाला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत साठ पोस्टरं लागली. लोक थांबत, वाचत, फोटोत खूण शोधत आणि पुढे जात.

एकसष्टावं पोस्टर तो बसस्थानकाच्या भिंतीवर लावत असताना बाकावरचा एक म्हातारा उठून त्याच्या मागे येऊन उभा राहिला. पांढरे खुंट वाढलेले, डोळ्यांखाली पिशव्या, शर्ट मळलेला. चकाचकने त्याच्याकडे एकवार पाहिलं आणि पुन्हा खळीत ब्रश बुडवला. लोकांसारखा तोही तुळतुळीत गालांचाच माणूस शोधत होता.

“वाकडं लागलंय,” म्हातारा म्हणाला. त्याने पुढे होऊन एका बोटाने खालचा कोपरा सरकवला. पोस्टर सरळ झालं.

चकाचकच्या हातातला ब्रश तसाच राहिला. त्याने ते बोट पाहिलं आणि मग हळूहळू नजर वर नेली. खूण उजव्या भुवईवर होती. काकूंचं बरोबर होतं.

“मिस्त्रीकाका,” तो म्हणाला. “चला, घरी जाऊ.”

म्हातारा पोस्टरवरच्या माणसाकडे निरखून पाहत होता.

“चांगल्या घरचा दिसतो,” तो म्हणाला. “आधी याला शोधू. याची बायको जेवायची थांबली असेल.”