एकाच्या बदल्यात एक

ऋतुराजनं बॅग गाडीत सीटवर ठेवली आणि पाया पडायला तो खाली उतरला. कोल्हापूर स्टँडवर सकाळची मुंबई गाडी सुटायला पाच मिनिटं होती. उद्या दुपारी मुंबईहून बँकॉकचं विमान. पासपोर्ट, तिकीट, कंपनीचं पत्र, सगळं त्यानं रात्रीच तीन वेळा तपासलं होतं. दोन वर्षं डिप्लोमा घेऊन घरी बसलेल्या पोराच्या तोंडावर आज पहिल्यांदा तेज आलं होतं.

त्याचा बाप ज्ञानू भावजयीला म्हणाला, "वैनी, तुमच्या आदर्शमुळं माझ्या पोराचं कल्याण झालं बघा."

आक्काताईनं पदर तोंडाशी धरला. ज्ञानूला वाटलं, लेकाच्या आठवणीनं तिला भरून आलं.

आदर्श तिचा एकुलता एक. चार महिन्यांपूर्वी ह्याच स्टँडवरून तो गेला होता. मोबाईलवर नोकरीची जाहिरात आली, मोबाईलवरच मुलाखत झाली, आठवड्यात तिकीट हातात. गावी कुरुंदवाडला अर्ध्या गल्लीनं तेव्हा त्याला वाटेला लावलं होतं. नवरा गेल्यावर ज्ञानूनंच त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलेलं. दोघा पोरांच्या पासपोर्टचे हेलपाटेसुद्धा ज्ञानूनंच घातले होते.

आणि आठ दिवसांपूर्वी तिच्या फोनवर आदर्शचा मेसेज आला होता. आता तो तिला पाठ झाला होता.

'आई, हे बँकॉक न्हाय. नदी वलांडून दुसऱ्या देशात आणून कोंडलंय. पासपोर्ट काढून घेतला. दिवसभर फोनवर बाईचं नाव लावून लोकांशी प्रेमाचं बोलायचं आन् त्यास्नी लुटायचं, ह्येच काम. न्हाय जमलं की करंट देत्यात. एक माणूस आणून दिला तर सोडतो म्हणत्यात. ऋतुराजला पाठव. त्येला जाहिरात पाठवलीया. कुणाला कायबी सांगू नगंस. न्हायतर मी हितंच मरतो.'

पहिल्या दिवशी तिला वाटलं, ओरडत गल्लीत जावं. दुसऱ्या दिवशी ऋतुराज फोन नाचवत आला, "मोठी आई, मलाबी आदर्शच्याच कंपनीत बोलावलंय. कंपनी चांगली हाय न्हवं?"

तिनं त्याच्याकडं पाहिलंच नाही. "व्हय," म्हणाली.

त्या एका शब्दावर सगळं घर नाचायला लागलं. धाकट्या जावेनं जोतिबाला नारळ बोलला. ऋतुराजला नवीन बूट आणले. आक्काताई बघत राहिली. डोळे मिटले की तिला करंट लावलेला आदर्श दिसायचा. डोळे उघडले की समोर ऋतुराज. दोन्ही पोरं सारखीच. दोघांना तिनंच एका पाटावर बसवून न्हाऊ घातलेलं. हा आदर्शपेक्षा आठ महिन्यांनी धाकटा, एवढाच काय तो फरक. आदर्श येईल, मग ह्यालाही कुणीतरी सोडवेल, अशी ती मनाची समजूत घालायची. पण ह्याला सोडवायला तिसरा कुणाचा पाठवायचा, हा विचार आला की ती समजूत तिथंच तुटायची.

कंडक्टरनं शिट्टी मारली. ऋतुराज तिच्या पायाशी वाकला.

सुखी रहा, एवढंच म्हणायचं होतं. पोरगा गाडीत चढला असता. आदर्श घरी आला असता.

"जाऊ नगंस," ती म्हणाली.

ऋतुराज हसला. "मोठी आई, रडायचं न्हाय हां."

तिनं त्याचं मनगट धरलं. "तिथं नोकरी न्हाय. आदर्शला कोंडून घातलंय. त्येला सोडायचं म्हणून तुला बोलावलंय." आणि फोन ज्ञानूच्या हातात दिला.

ज्ञानूनं मेसेज वाचला. पुन्हा वाचला. मग वरची तारीख पाहिली.

"आठ दिस झाले, वैनी."

"व्हय."

"आठ दिस तुमी गप बसला?"

ऋतुराजनं गाडीतून बॅग काढली. गाडी निघून गेली. ज्ञानू डोकं धरून बाकड्यावर बसला. मग उठला आणि म्हणाला, "चला. पोलिसात जाऊ." वाटेत तो तिच्या चार पावलं पुढंच चालत राहिला.

ठाण्यातल्या बाई अधिकाऱ्यांनी सगळं लिहून घेतलं, मेसेजचे फोटो काढले. "दिल्लीला कळवतो. वेळ लागेल," म्हणाल्या. "तोवर कुणी माणूस पाठवू नका, पैसे पाठवू नका." किती वेळ, हे त्यांनी सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही. लेकाच्या सुटकेचं दार आपल्याच हातानं लावलं, हे तिला कळत होतं.

तिसऱ्या दिवशी, दिवस कलताना, परदेशी नंबरवरून फोन आला. आदर्शचा आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा खोल होता.

"आई, दुसऱ्याचा फोन घेतलाय. एकच मिनिट हाय. ऋतुराज कुठं पोचला?"

तीन दिवस तिनं ह्याचीच धास्ती घेतली होती. पोरगा रडेल. शिव्या देईल. तू माझी आई न्हवंस, म्हणेल. तिनं भिंत धरली.

"म्या न्हाय पाठवला त्येला. सगळ्यास्नी सांगून टाकलं."

पलीकडं कुणाचे तरी बूट वाजत गेले. फोन कटला असं तिला वाटलं.

"घरी हाय त्यो? खरंच?"

"व्हय. गोठ्यात हाय. धार काढतोय."

आदर्शनं श्वास सोडला. तो तिला इतक्या लांबून ऐकू आला.

"बरं केलंस, आई. त्यो मेसेज केल्यापास्नं घास घशाखाली उतरला न्हाय. आज जेवतो."