अब्दुल्लाची लेक

“सफिया बिन्ती अब्दुल्ला,” म्हाताऱ्या चोंगनं गाईडच्या गळ्यातली पाटी मोठ्यानं वाचली. “म्हणजे अब्दुल्लाची लेक. बापाला अभिमान वाटत असेल नाही, पोरगी लोकांना क्वालालंपूर दाखवत हिंडते म्हणून?”

“आमची गाठ पडत नाही, अंकल,” ती म्हणाली आणि गाडीचं मागचं दार उघडून उभी राहिली. डोक्यावरचा रुमाल नीटच होता, तरी तिनं तो पुन्हा नीट केला.

“बसा हो आता,” लाय-यिन नवऱ्याला म्हणाली. “सकाळी सकाळी सुरू नका करू.”

दोघं आदल्या दिवशी इपोहून आली होती. उद्या चोंगच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. डॉक्टरांनी धीर दिला होता, पण हातचं राखून. लाय-यिनची इच्छा एवढीच होती, की आजचा दिवस त्यानं गोडीनं काढावा आणि त्याचा एक तरी हसरा फोटो निघावा. त्यासाठीच तिनं फोनवरून ही गाईड ठरवली होती. पण चोंग गोडीच्या वाटेला कधी जात नसे, आणि गोडीही त्याच्या.

“फोटोबिटो नको,” त्यानं गाडीत बजावलं. “आधी फोटो, मग चौकट, मग पुढ्यात धूप. तुझे बेत मला कळतात.”

“काहीतरीच तुमचं,” ती म्हणाली. बेत नव्हता, भीती होती.

देवीच्या देवळाशी गाईड पायऱ्यांखालीच थांबली. लाय-यिननं आपली पिशवी तिच्या हातात दिली आणि उगाच क्षणभर तो हात धरून ठेवला. वर तिनं एकदा नवऱ्यासाठी उदबत्त्या लावल्या. मग पुन्हा लावल्या. दुसऱ्या खेपेला ओठ हलत होते. चोंग बघतोय म्हटल्यावर मिटले.

“ती का आली नाही वर?” त्यानं विचारलं.

“ती कशी येईल?”

“खरंच की. अब्दुल्लाला चालायचं नाही.”

जेवायला त्याला डुकराच्या मांसाच्या नूडल्स हव्या होत्या. लाय-यिन म्हणाली, तिघं एका टेबलावर बसू, नाहीतर मी जेवतच नाही. झाली मग मुसलमानाची खानावळ. चोंग कुरकुरत बसला.

“एक कॉफी कडक, बिनसाखरेची,” गाईडनं परस्पर सांगून टाकलं.

“तुला कुणी सांगितलं?”

“या वयात साखर बंदच असते, अंकल.”

तेवढ्यात तिनं किटली उचलली आणि गरम चहानं चमचे, वाट्या विसळायला घेतल्या. वाढपी खो खो हसला. “अगं ताई, भांडी धुतलेली आहेत आमची!” ती ओशाळली. जेवणाआधी असं विसळायची खोड चिनी माणसांची. पण तिची बरीच गिऱ्हाइकं चिनी. पाहून पाहून लागली असेल. विसळलेली वाटी तिनं चोंगपुढे सरकवली. त्यानं ती बराच वेळ रिकामीच ठेवली.

“इपोत आमच्या गल्लीत एक पोर होती,” तो अचानक म्हणाला. “मलाय पोरावर जीव जडला, धर्म बदलला. नव्यानं मुसलमान झालं, की बापाचं नाव अब्दुल्ला लावायची रीत आहे म्हणे तुमच्यात. बाप इकडे जिवंत, दुकानात बसलेला!”

“अहो, जेवा,” लाय-यिन रडवेली झाली. “तिला कशाला सुनावताय?”

“असू दे, आंटी. ऐकायची सवय आहे,” गाईड म्हणाली. मग त्याच्याकडे न बघता तिनं विचारलं, “तो बाप गेला नाही तिला शोधायला?”

“कुठल्या नावानं शोधायचं?”

कॉफी मात्र त्यानं सगळी प्यायली.

संध्याकाळी जोड मनोऱ्यांसमोर कारंजी सुरू झाली. जिकडेतिकडे माणसं फोटो काढत होती. लाय-यिननं एका पर्यटकाच्या हातात आपला मोबाईल कोंबला, नवऱ्याला ओढलं, आणि गाईडलाही.

“तू पण ये गं. ये ना!”

“तिघांचा फोटो काढत नाहीत,” चोंग खेकसला. “मधला आधी जातो. उद्या मी टेबलावर पडणार, आणि आज तू मला मध्ये उभं करतेस?”

सगळा दिवस लाय-यिन याच एका गोष्टीसाठी धडपडली होती, आणि घाईत तिला एवढं साधं सुचलं नव्हतं. भर गर्दीत ती लहान पोरासारखी रडू लागली.

“मध्ये मी राहते,” गाईड म्हणाली.

ती दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली. फोटो निघाला. त्यात कुणीच हसत नव्हतं.

हॉटेलच्या दाराशी तिनं त्याला उतरायला हात पुढे केला. त्यानं तो घेतला नाही. दार धरून स्वतःच उतरला, धापा टाकत तिच्यासमोर उभा राहिला.

“सकाळी मी येते हॉस्पिटलात,” ती हळूच म्हणाली.

“येऊन काय करशील?” म्हाताऱ्यानं तिच्या गळ्यातली पाटी उचलून धरली. “मला आत नेताना विचारतील, याची मुलगी कोण म्हणून. यात माझं नाव कुठे आहे, आ-मुन?”