विहिरीचं कुलूप

केशरबाईंनी पिशवीतून वाळलेला भोपळा काढून ग्रामसभेच्या टेबलावर ठेवला. पोहायला शिकताना त्यांच्या लेकाच्या, दिगूच्या पाठीला बांधायचे, तोच.

"गावविहिरीचं कुलूप काढा," त्या म्हणाल्या.

सरपंच गडबडले. "मावशी, दिगू बुडाला म्हणून तर गावानं जाळी घालून कुलूप ठोकलं. तुमच्या दुःखापायीच ठराव केला."

"रडता रडता केलात, बाबा. आता जरा डोक्यानं करा. सहा वर्षांत गावातलं एक पोर पोहायला शिकलं नाही. उद्या ओढ्याला पूर आला तर? शिकवणारा माणूस काठावर ठेवा, पण विहीर उघडा."

सरपंचांनी ठराव मताला टाकला. हात वर झाले.

खरं कारण मात्र केशरबाईंनी सभेत सांगितलंच नव्हतं. विहिरीशेजारचं त्यांचं घर उन्हाळ्याच्या सुट्टीतही मुकं असायचं, ते त्यांना सोसत नव्हतं.

रविवारी जाळी निघाली. भाकरी थापताना पहिली धप्पकन उडी ऐकू आली आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "दिगू, बास झालं आता, जेवायला ये!"

नाव न ऐकताच विहिरीतून कुणाचं तरी पोर ओरडलं, "ही शेवटचीच उडी!"