मापाची बॅग

"कुणासाठी बघायची?" दुकानदाराने विचारलं.

"हिच्यासाठी," नवरा म्हणाला. "आवडेल ती दाखवा. आज सगळी तिची मर्जी."

आता मर्जी जर तिची, तर ती दुसऱ्याने जाहीर कशाला करायची? तिची नजर आधीच खुंटीवरच्या एका छोट्या करड्या बॅगेवर गेली होती. एका खांद्यावरून तिरकी घालायची बॅग. तिने स्वतःचा जुना कॅमेरा आत ठेवला, पट्टा आखूड केला, बॅग पाठीवरून कमरेशी ओढली आणि न बघता आत हात घातला. कॅमेरा आपणहून हातात आल्यासारखा आला. दुकानदार खूश झाला. बॅग डोळ्यांना नाही, अंगाला आवडावी लागते, आणि ताईंच्या अंगाला ही आवडली, असं त्याने सांगूनच टाकलं.

रविवारी एका नृत्यशाळेच्या कार्यक्रमाचे फोटो काढायला तिला बोलावलं होतं. तिला एकटीला. फोन आल्यापासून नवऱ्याला सांगायचं म्हणत होती, पण दर वेळी शब्द ओठांशी येऊन परत फिरायचे. आज बॅग अंगावर घालूनच सांगायचं, असं तिने मनाशी घट्ट धरलं होतं.

"छान आहे," नवरा म्हणाला. "पण ही तर पर्स झाली गं. माझा दुसरा कॅमेरा कुठे जाणार? फ्लॅश? मोठी लेन्स?"

तो रागावला नव्हता. तो रागावतच नसे, तीच तर पंचाईत होती. रागावणाऱ्याशी भांडता तरी येतं. लग्नाच्या ऑर्डरींना तो नुसता हात मागे करायचा आणि ती न विचारता हवी ती लेन्स त्याच्या तळहातावर ठेवायची. बायको म्हणजे माझा तिसरा हात, असं तो चारचौघांत कौतुकाने सांगायचा.

दुकानदाराने वरच्या फळीवरून मोठी काळी बॅग उतरवली. गिऱ्हाईक कोण, ते त्याला एव्हाना कळलं होतं.

नवऱ्याने बरोबर आणलेलं सगळं सामान तीत लावलं. मग तिच्या अंगावरची करडी बॅग उतरवून आतल्या कॅमेऱ्यासकट काउंटरवर काढून ठेवली, मोठी बॅग तिच्या पाठीवर चढवली, दोन्ही पट्टे आवळले, कमरेचं बक्कल लावलं, छातीवरचंही लावलं. तिला सरळ उभं राहायला सांगून त्याने मागून चेन उघडली, लेन्स काढली, परत ठेवली, चेन ओढली.

"वा! आता तुला हातसुद्धा हलवायला नको."

तिने हात मागे नेऊन पाहिला. बोटं चेनपर्यंत पोचेनात. श्वास घेतला की छातीवरचा पट्टा रुतायचा. आत्ता नाही तर कधीच नाही, हे तिला कळून चुकलं.

"रविवारी मला एका कार्यक्रमाला बोलावलंय," ती म्हणाली. "फोटो काढायला. मला एकटीला."

नवऱ्याचा चेहरा खुलला. मनापासून खुलला, खोटं कशाला बोला. एवढी मोठी बातमी पोटात ठेवून बसलीस, म्हणून तो तिच्यावर लटका रुसलाही.

"पण मी असताना एकटीने कशाला धडपडायचं?" तो म्हणाला. "रविवार माझा मोकळाच आहे."

कौतुकाला नाही कसं म्हणायचं, ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. काउंटरवर करड्या बॅगेशेजारी तिचा जुना कॅमेरा पडला होता. नवऱ्याने तो उचलला, पुन्हा मागची चेन उघडली आणि हाही मावतो बघ म्हणत सगळ्यांच्या खाली, तळाशी सरकवला. तिला फक्त पाठीवरचं वजन थोडं वाढल्याचं कळलं.

दुकानदार खोकं घेऊन आला. "काढून द्या ताई, नीट बांधून देतो."

तिची बोटं छातीवरच्या बक्कलाशी गेली.

"राहू द्या," नवरा म्हणाला. "अंगावरच असू दे. सवय होईल."