रक्तातला भाऊ

दोन्ही नळ्यांत मुलगा निघाला. आईच्याही आणि धाकटीच्याही.

थोरलीने चाचणी पुन्हा लावली. यंत्राने पुन्हा तेच सांगितलं. यंत्राला कसली आली आहे भीडभाड! तिसऱ्या नळीत तिचं स्वतःचं रक्त होतं, ते मात्र कोरं निघालं.

तिच्या प्रयोगशाळेत याच गोष्टीवर संशोधन चाललं होतं. बाळ पोटात असताना त्याच्या थोड्या पेशी आईच्या रक्तात उतरतात आणि पुढे कित्येक वर्षं तिच्या अंगात मुक्काम ठोकून राहतात. कधी कधी त्यातल्या काही पाठच्या भावंडातही जातात. लाखो वर्षांच्या उत्क्रांतीने ही देवघेव का टिकवली, हे थोरलीला शोधायचं होतं. मुलाच्या पेशी बाईच्या रक्तात चटकन ओळखू येतात. त्यामुळे तुलनेसाठी मुलगा न झालेल्या बायका हव्या होत्या. पण रक्त द्या म्हटलं की भल्याभल्यांना अचानक कामं आठवतात. शेवटी तिने घरातल्याच दोघींना धरलं. कशासाठी, ते समजावत बसायला तिला सवड नव्हती. प्रयोगशाळेतली सिस्टर घरी जाऊन नळ्या घेऊन आली, चहासुद्धा पिऊन आली.

आता सगळं सरळच होतं. आईला मुलगा झाला होता. त्याच्या पेशी आईत राहिल्या आणि आईकडून धाकटीत गेल्या. थोरलीत नव्हत्या, म्हणजे तो थोरलीच्या पाठचा आणि धाकटीच्या आधीचा. त्या काळात वडील बोटीवर असत. घरी यायचे तेही पाहुण्यासारखे. मूल त्यांचं असतं तर लपवलं कशाला असतं? शिवाय तेव्हाच कधीतरी आईला बरं नाही म्हणून थोरलीला कितीतरी महिने मावशीकडे ठेवलं होतं. वेणी घालताना मावशी डोळे पुसायची. आई काविळीने अंथरुणाला खिळली आहे, असं तिला सांगितलं होतं आणि इतकी वर्षं तिने ते खरं मानलं होतं.

थोरलीला लाज वाटली. आधी आईची वाटली, मग आपण तिच्या पोटी जन्मलो याची. वडील तिचा जीव की प्राण होते. ते जाऊन चार वर्षं झाली होती. त्यांना हे कळलं नाही, एवढंच काय ते बरं.

ती घरी आली तेव्हा आई धाकटीच्या लग्नातल्या कपड्यांना अस्तर लावत होती आणि धाकटी समोर बसून धागे कापत होती. लग्न महिन्यावर आलं होतं.

"आई, माझ्यानंतर तुला मुलगा झाला होता?"

आईने चष्म्यावरून पाहिलं. "डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

"रक्तात दिसतंय. तुझ्या आणि हिच्याही. मुलाच्या पेशी आहेत. पोटात मूल राहिल्याशिवाय त्या येत नाहीत."

धाकटीची कात्री थांबली.

आई थोरलीकडे बघत होती, ती धाकटीकडे बघू लागली. बराच वेळ बघत राहिली. मग तिने विचारलं, "दोन्ही नळ्यांत?"

"दोन्ही."

"मग हिच्यात माझ्याकडूनच आल्या असणार."

"नाहीतर काय आकाशातून पडल्या?"

"ताई..." धाकटी म्हणाली.

"तू मध्ये तोंड घालू नकोस!" आई कडाडली. तिचा आवाज इतका चढलेला त्या घरात कुणी ऐकला नव्हता. मग ती शांतपणे म्हणाली, "झाला होता. देऊन टाकला."

"बाबांचा?"

"नाही."

धाकटी पांढरीफटक पडली होती. थोरलीला तिची कीव आली. शिकायला दूरच्या शहरात राहिली, तर वर्षभर अभ्यासातून डोकं वर काढलं नाही, सुटीलासुद्धा घरी आली नाही, अशी सरळमार्गी पोर. तिच्या कानांवर हे असलं काही पडावं!

"लग्नात मुलीची आई म्हणून मिरवू नकोस," थोरली म्हणाली. "पाहुण्यांत बस. बाबांच्या जागी मी उभी राहीन, पण तुझ्या शेजारी नाही."

"बरं," आई म्हणाली. तिने उरलेलं अस्तर लावून पुरं केलं, दोन पातळं पिशवीत भरली आणि मावशीकडे निघून गेली. जाताना तिने धाकटीच्या डोक्यावरून हात फिरवला. थोरलीच्या वाटेला ती गेलीच नाही.

धाकटी उशीत तोंड खुपसून रडत राहिली.

"अगं, तू का रडतेस?" थोरलीने तिच्या पाठीवर हात ठेवला. "लाज तिला वाटायला हवी. तुझा यात काय दोष?"

धाकटीने पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं.

पुढच्या आठवड्यात वरिष्ठांनी खात्रीसाठी नवा नमुना मागितला. थोरलीने सिस्टरला बोलावलं. "माझ्या मावशीच्या घरी जा आणि आईचं रक्त पुन्हा घेऊन या. मला तिचं तोंड बघायचं नाही."

सिस्टर जागची हलली नाही. पदराशी चाळा करत उभी राहिली.

"काय झालं?"

"मॅडम, तेव्हाच सांगायला हवं होतं, पण मला बाई लाज वाटली. तुमच्या आईंनी सुई बघितली आणि त्यांना घेरीच आली. मग काही केल्या हाताला हात लावू देईनात. शेवटी धाकट्या ताईच म्हणाल्या, एकाच घरातलं तर रक्त, काय फरक पडतो, माझंच भरा दोन्ही नळ्यांत."