न मळलेली भिंत

शालनताई सोड्याच्या पाण्यात फडकं बुडवून हॉलची भिंत घासत होत्या. उद्या हे भाड्याचं घर सोडून त्या भावाकडे राहायला जाणार होत्या. पलंगापासून पॅसेजच्या तोंडापर्यंत, कमरेच्या उंचीवर, काळपट तेलकट पट्टा उमटला होता. तोल जायला लागल्यापासून यजमान भिंत धरूनच न्हाणीघरापर्यंत जायचे. त्यांच्या हातापायांना तेल शालनताईच चोळायच्या आणि भिंत मळली की करवादायच्याही त्याच.

ताब्यात घेण्याआधी घर बघायला आलेल्या मालकीणबाई पॅसेजमध्ये थबकल्या.

"इथला रंग अगदी नवा दिसतोय हो."

"दिवाळीत मीच लावून घेतला. आता तरी या भिंतीला हात लावू नका, असं ह्यांना बजावलं होतं."

"ऐकलं म्हणायचं त्यांनी. एक बोटसुद्धा उमटलेलं नाही."

शालनताईंनी फडकं पुन्हा पाण्यात बुडवलं. भाऊबीजेच्या सकाळी यजमान तोल जाऊन इथेच पडले, ते पुन्हा उठले नाहीत. आवाज ऐकून त्या स्वयंपाकघरातून धावत आल्या, तेव्हा यजमानांनी दोन्ही हात छातीशी घट्ट धरून ठेवले होते.